गरम भाताची कविता घेऊन कॅसलरॉकला

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही भातकापणीच्या दिवसांत मी घरीच असायची. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर माफ करा. ओळ वरखाली गेली असेल तर वही मांडीवर ठेवून लिहिते म्हणून. ही वही कोणाला दाखवायची नाही असं मी ठरवलं आहे. तरी कोणाला तरी सांगितल्यासारखं लिहिते, कारण आमच्या वाडीतल्या बाकीच्या बायका कॅसलरॉकला आल्या नाहीत, आणि त्यांनी विचारलं की माझ्या तोंडून दोन वाक्यांपुढे काही निघत नाही. वहीला ऐकायची घाई नसते.

आमची वाडी कुंभारवाड्याच्या पुढे, जंगलात. अंगणवाडीच्या सुजाताबाईंकडे पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जणी त्यांच्या पडवीत कोकमं फोडत बसलो होतो. बाई म्हणाल्या, "हात चालू देत, एकीनं वाचा." सगळ्यांचे हात लाल झालेले. मी उशिरा आले होते म्हणून माझे कोरडे होते. पुस्तक माझ्याकडे आलं ते एवढ्यामुळे.

ते कवितांचं होतं. शहरातल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या बायकांनी लिहिलेलं. पहिल्यांदा मला वाटलं छापताना काहीतरी चुकलं आहे. यमक नाही, देव नाही, ओळ मध्येच तुटलेली. एकीनं लिहिलं होतं की तिला तिचे काळे कोपर आवडतात. एकीनं लिहिलं होतं की ती हॉटेलात एकटी बसली आणि पूर्ण कप चहा प्याली. ते ऐकून माझी मोठी जाऊ पारूअक्का म्हणाली, "एवढ्यावर कविता? मग मी रामनगरच्या बाजारात दर खेपेला कविताच पिते की!" सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "शेवंते, ती चहावाली परत वाच गं."

असं सहा-सात महिने चाललं. मग बाईंनी ठरवलं की पाच-सहा गावांतल्या अशा वाचणाऱ्या बायकांनी एकदा एकत्र जमायचं, कॅसलरॉकच्या शाळेत. प्रत्येक गावाची एक बाई वाचणार. आमच्याकडून माझं नाव गेलं. मी नको म्हटलं ते कोणी ऐकलं नाही, कारण मी ते फार हळू म्हटलं.

कुंभारवाडा ते रामनगर

पौषातली थंडी होती. धुकं इतकं की बस आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. माझ्यासोबत पारूअक्का. तिची मावशी गंगूमावशी कॅसलरॉकला राहते, तिच्याकडेच उतरायचं होतं. माझ्या पिशवीत पुस्तक आणि एक लुगडं. अक्काच्या पोत्यात मावशीसाठी मुडली. मुडली म्हणजे आमच्याकडचा कंद, अळकुडीचा थोरला भाऊ म्हणा, हाताएवढा लांब. जोयडा तालुक्याबाहेरच्या माणसाला तो बघून आधी भीती वाटते, खाल्ल्यावर तो दुसऱ्यांदा मागतो.

निघताना आमचे मालक अंगणात उभे होते. तसे स्वभावाने गरीब. ते कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. म्हणून मी वाचते त्या पुस्तकात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. "काय वाचणार हाईस तितं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कविता." "देवाच्या?" मी म्हटलं, "न्हाई, बायकांच्या." त्यांनी मान हलवली आणि गुरांकडे गेले.

गणेशगुडीच्या पुढच्या वळणावर पोत्याचं तोंड सुटलं. मुडल्या बसभर घरंगळल्या. एक थेट ड्रायव्हरच्या पायाशी. मला तर खिडकीतून उडी टाकावीशी वाटली. कंडक्टर हुबळीकडचा होता. तो अर्धं कानडी अर्धं मराठीत म्हणाला, "काय अम्मा, बसमदी शेत काढलंसा व्हय?" अक्का बाकाखाली वाकलेलीच ओरडली, "व्हय, आणि तुझ्या पायाखाली पीक हाय, पाय उचल!" मग सगळी बस वेचायला लागली. एका कॉलेजच्या मुलीनं दोन मुडल्या आणून दिल्या आणि विचारलं, ह्याचं काय करतात? अक्कानं तिला कोकम घालून भाजी कशी करायची ते रामनगर येईपर्यंत सांगितलं. मी नुसती बसून राहिले. मला अक्कासारखं बोलता आलं असतं तर मी कविता वाचल्याच नसत्या, असं तेव्हा वाटलं.

कॅसलरॉक, पहिली संध्याकाळ

लोंढ्याहून रेल्वे. मी पन्नाशीला आले, पण रेल्वेत बसले ती ह्याच वेळी. तिचं फार सांगत नाही, कारण अर्धा वेळ मी डोळे मिटून होते. डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना आमच्यासारखंच जंगल होतं, फक्त ते पळत होतं.

कॅसलरॉक म्हणजे गाव थोडं आणि स्टेशन फार. आमच्याकडे कोंबडा, गुरं, ऊन ह्यांच्यावर वेळ कळते. तिथे गाडीवर कळते. मावशी म्हणते, "मालगाडीच्या वक्ताला डाळ टाकायची, गोव्याची गेली की दिवा लावायचा." गाडी उशिरा आली तर जेवणही उशिरा. भांडी फळीवर दोरी बांधून ठेवलेली, कारण गाडी गेली की घर हलतं. आम्ही बसलो तेव्हा पहिली गाडी गेली आणि मी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला. मावशी हसली, "धरू नगंस, त्याला सवय हाय."

गंगूमावशी सत्तरीच्या पुढची, ताठ, नाकात मोठी नथ. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, आळीतल्या सगळ्या भांडणांचा निकाल तीच लावते. संध्याकाळी शेजारच्या पाच-सहा बायका जमल्या. चुलीजवळ बसलो. मावशी म्हणाली, "पोरी, उद्या काय वाचणार ते आमास्नी आज ऐकव."

अनोळखी माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पण पुस्तक हातात असलं की तोंडासमोर एक भिंत होते. मी वाचलं:

आज पहिला भात
मी माझ्या ताटात घेतला.
कोणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
भात गरम होता.
इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं
माझ्या हातचा भात इतका गरम असतो.

वाचून झालं. कोणी छान म्हणालं नाही. कोणी हसलंही नाही. एकीनं पदरानं डोळे पुसले, मला वाटलं धुरानं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि पानं मांडली. आधी मला वाढलं. भात, मुडलीची भाजी, तांबड्या मुंग्यांची चटणी, वर कढी. मी नको नको म्हणते तरी दोनदा, तीनदा. मी संपवीपर्यंत ती माझ्या डोक्याशी उभी. मला वाटलं, कॅसलरॉकला पाहुण्यांना जेवू घालायची अशीच रीत असेल. अक्काला मात्र तिनं एकदाच वाढलं आणि तेही जरा आपटूनच.

दुसरा दिवस

सकाळी जाग आली ती अक्काच्या आवाजानं. "उपाशी कुठं? मावशे, उपाशी कुठं?"

मी बाहेर आले. मावशी अंगणात फोन घेऊन उभी. अक्काचा चेहरा लाल.

"तुझ्या घरात जाव उपाशी राहती, आणि तू हितं येऊन माझ्या भाकरी मोडतीस?" मावशी तिला म्हणाली.

"उपाशी न्हाई गं, उशिरा जेवती! आमी दोघीबी उशिराच जेवतो!"

"मग तिनं म्हटलं ते खोटं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय झालं ते. हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आमच्यात फुगडीत, जात्यावर, भातलावणीच्या वेळी बाई 'मी' म्हणून जे गाते ते तिचंच असतं. सासूला, नवऱ्याला तोंडावर बोलायची सोय नसते, म्हणून ती गाण्यातून सांगते. ऐकणाऱ्यांत जी वयानं मोठी असेल तिनं ते कानाआड करायचं नसतं. तिनं त्या घरी शब्द टाकायचा. माझ्या आजीनं असे कितीतरी शब्द टाकले होते. मावशीनं तेच केलं. एका बाईनं लिहायचं आणि दुसरीनं वाचून दाखवायचं, असं गाणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आणि मलाही आदल्या दिवशी सांगायचं सुचलं नव्हतं.

"कुणाला शब्द टाकलास?" अक्कानं विचारलं.

"हिच्या मालकाला. त्याचा फोन लागंना, म्हणून कुंभारवाड्याच्या दुकानात लावला. दुकानदाराला म्हटलं, सांगा त्याला, बायकोनं सगळ्यांसमोर जेवणाचं गाऱ्हाणं घातलंय, कॅसलरॉकला ये."

दुकानात सकाळी निम्मा गाव असतो. मालकांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उचलला नाही. आणि आता चहाची पुडी घ्यायला आलेल्या माणसांसमोर त्यांना असं ऐकावं लागणार. मी अक्काला म्हटलं, सकाळच्याच गाडीनं घरी जाऊ या, मी वाचत नाही.

अक्का म्हणाली, "आज पळालीस तर ते गाऱ्हाणं खरंच ठरंल. आणि सहा महिने मी कोकमं फोडत ऐकलं ते काय तू पळावंस म्हणून? वाच. आल्यावर भावजींना मी बघते."

मावशीला वाटलं तिच्यामुळे मी उदास आहे, म्हणून तिनं आम्हाला स्टेशन दाखवायला नेलं. इथून पुढे गोव्याकडे मोठा घाट, म्हणून गाडीला मागूनही इंजिनं जोडतात, उतारावर धरून ठेवायला. आम्ही पुलावरून बघत होतो. अक्का म्हणाली, "फुडचं शिट्टी मारतंय, मागचं गप धरून हाय. मागचं बाई असणार." मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं. प्लॅटफॉर्मवर आम्ही इडली खाल्ली, कागदावर. सांबारात पडून कवितेच्या पुस्तकाचा एक कोपरा पिवळा झाला. तो अजून तसाच आहे, आणि बाईंना सांगायचं राहिलं आहे.

दुपारी शाळेच्या खोलीत तीसेक बायका. काही गुंदहून आल्या होत्या, काही रामनगरहून. सुजाताबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या, फळ्यावर त्यांनी रंगीत खडूनं फुलं काढली होती. मावशी पुढच्याच बाकावर, निकाल द्यायला बसल्यासारखी. गुंदच्या बाईनं आधी वाचलं. धीट होती. आरशावरची कविता, त्यात बाई आरशाला सांगते की आज तू मला बघू नकोस, आज मी तुला बघते. टाळ्या पडल्या. एक म्हातारी म्हणाली, "आरसा म्हणला काय मग?" सगळ्या हसल्या.

मग माझं नाव घेतलं, आणि त्याच वेळी दारात मालक दिसले.

बाहेर जायचा पांढरा सदरा, त्यावर लाल धूळ. दुकानदाराच्या मोटारसायकलवर रामनगरपर्यंत आणि पुढे टेंपोनं आले होते. मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक पहिली-दुसरीच्या पोरांचा, त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. एरवी मी हसले असते.

मी फळ्यापाशी उभी राहिले. पुस्तक उघडलं. वाटलं, दुसरीच कुठली तरी वाचावी, चहावाली, कोपरावाली. पण काल ऐकलेल्या बायका समोर होत्या, त्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "ही मी लिहिलेली न्हाई. एका शहरातल्या बाईनं लिहिलीय. माझ्या घरात मला कुणी उपाशी ठेवत न्हाई." मग वाचली. भात गरम होता ह्या ओळीला आवाज फाटला. थांबले, पाणी प्याले, पूर्ण केली.

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "दुसऱ्या बाईची हाय तर तुझा आवाज का गं कापला?"

सुजाताबाई काहीतरी बोलायला उठल्या, पण मावशीनं हात वर केला. ती खरंच विचारत होती. आणि मला आयुष्यात कोणी असा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसलं नव्हतं.

मी मालकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, "पहिला भात मी कधी घेतला न्हाई, ती ओळ तिची. पण मला माझ्या हातचा गरम भात ठाऊक न्हाई. तेवढी ओळ माझीबी हाय."

मागून मालक म्हणाले, "मला कधी बोलली न्हाईस." रागानं नाही. नांगराचा फाळ मोडलेला दिसल्यावर माणूस बोलतो तसं.

"मला तरी कुठं म्हाईत होतं?" मी म्हटलं. "पुस्तकात वाचल्यावर कळलं."

अक्का उठली. "तेवढी ओळ माझीबी हाय, मावशे. भावजी, ऐकताय न्हवं? तुमच्या भावालाबी सांगा."

मग रामनगरची एक बाई म्हणाली, "माझीबी." मग तिच्या शेजारची. आरशावरची गुंदची म्हणाली, "माझी निम्मी. सकाळचा गरम मिळतो, रातचा न्हाई." हात वर व्हायला लागले, मतदानाला होतात तसे. अक्का मावशीला म्हणाली, "आता किती मालकांना फोन लावणार गं?"

मावशीनं खोलीभर नजर फिरवली. मग नथ सरळ करून म्हणाली, "माझीबी हाय. पण माझ्याला फोन लावायचा तर वर लावावा लागंल, आणि तितं रेंज न्हाई."

इतक्या हसलो आम्ही की बाहेर गाडी जाऊन घरं हलली तरी कोणाला कळलं नाही. मालकही हसले. गुडघे बाकातून सुटेनात म्हणून त्यांना उठता येईना, अक्कानं हात धरून ओढून काढलं.

परतीची गाडी

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं लोंढ्याकडे निघालो. अक्काला लगेच झोप लागली. मालक बराच वेळ खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "दुकानात सगळे हसले मला. म्हणले, बायकोला उपाशी ठेवतोस काय रं."

मी म्हटलं, "मी जाऊन सांगते त्यास्नी, तसं न्हाई म्हणून."

"तू?" ते म्हणाले. "तू दुकानात मीठबी हळू मागतीस."

खरंच होतं ते. थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं, पानं चाळली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत दिलं. "ह्यात अजून काय काय हाय?"

"लई हाय."

"वाच की मग. मला येत न्हाई."

डबा भरलेला. समोर एक शेवंतीची टोपली घेतलेली बाई आणि तिचा नातू, पलीकडे दोन गोव्याला कामाला जाऊन परत येणारे बाप्ये. मी हळू वाचायला लागले. मालक म्हणाले, "ऐकू येत न्हाई, गाडीचा आवाज हाय. मोठ्यानं." मी जरा मोठ्यानं वाचलं. ते म्हणाले, "अजून." आणि जी कविता उघडली गेली ती नेमकी पोटावरची निघाली. तीन पोरं झालेल्या बाईची, माझ्यासारख्याच. आता मिटावं तर ते विचारतील काय होतं. मी वाचली:

माझ्या पोटावरच्या रेघा
आज मी बोटानं वाचल्या.
लपवायचं म्हणून ज्यांना
इतकी वर्षं पदर पुरवला.
नांगरलेल्या शेताला
कोणी कुरूप म्हणतं का?

मालकांचे कान लाल झाले. ते ताबडतोब खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही तिथे बघण्यासारखं निघालं. माझाही चेहरा तापला. पण फुलवाल्या बाईनं टोपली खाली ठेवली होती. ती पुढे वाकून म्हणाली, "आणि एकदा म्हण बघू शेवटचं." मी म्हटलं. तिनं मान हलवली. "व्हय की. कोन म्हणंल कुरूप? कुणाची गं ही?"

मी तोंड उघडायच्या आत मालक खिडकीकडे बघतच म्हणाले, "आमच्या घरातली हाय."

अठ्ठावीस वर्षांत लोकांसमोर मी त्यांचं बोलणं कधी खोडलं नव्हतं. मी म्हटलं, "घरातली न्हाई. माझी."

आवाज फार मोठा निघाला. अक्का जागी झाली. पलीकडचे बाप्येही बघायला लागले.

मालकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग फुलवालीकडे. "व्हय, तिचीच," ते म्हणाले, आणि सरकून मला खिडकीची जागा दिली, उजेडात अक्षर नीट दिसावं म्हणून. मी पुढचं पान उलटलं.